तांबट विणायला घेतला आणि पोपट झाला

पितळी_डबा | ४ फेब्रुवारी, रात्री १०:४०

विणकामवाल्यांनो, वाचवा.

१६ मार्चला माझ्या मोठ्या मामांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. मामा पुण्याच्या तांबट आळीतले. सोळाव्या वर्षी हातोडी धरली ती गुडघे बोलायला लागले तेव्हाच खाली ठेवली. बंब, घंगाळं, हंडे, कळश्या. माझ्या लग्नातली घागरही त्यांच्याच हातची. चार वर्षांपूर्वी मामेभावानं त्यांना सिंहगड रोडला फ्लॅटवर आणलं. गॅलरीसमोर उंबर आहे आणि त्यावर तांबट येतो. पक्षी हो, माणूस नव्हे. जानेवारी सरत आला की त्याचं टुक टुक टुक सुरू होतं आणि मामा चहाची बशी खाली ठेवून म्हणतात, "आला बघ कामावर." दुपारी अडीचच्या उन्हातही तो ठोकतच असतो, तेव्हा म्हणतात, "याला जेवायची सुट्टी देत नाहीत वाटतं." गंमत म्हणजे जन्म आळीत गेला, पण हा पक्षी त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो फ्लॅटवर आल्यावर. आळीत चारी बाजूंनी ठोकठोक, त्यात खरा तांबट ओरडला तरी कळणार कुणाला!

म्हणून ठरवलं, मामांना क्रोशाचा तांबट करून द्यायचा. तळहातावर मावेल एवढा. मला क्रोशा येतो म्हणजे रुखवतापुरता येतो. तोरण, रुमाल, ताटावरची जाळी. भरीव, गोल असं आजवर काही केलेलं नाही. नेटवर 'छोटा पक्षी' असा एक फुकटचा इंग्रजी नमुना मिळाला, हिरवी लोकर आणली, चार रात्री जागले आणि आज भरून बघितला. प्रचि (प्रकाशचित्रं) खाली देतेय, हसा.

लेक म्हणाली, "आई, पोपट का केलास?" नवरा म्हणाला, पोपट पक्ष्याचा नाही, आईचा झालाय.

मान लांब झालीय. अंगातून पांढरा कापूस डोकावतोय. आणि छातीवरचा तांबडा पट्टा कसा कोण जाणे, काखेत गेलाय. उसवू का? उसवला तर पुन्हा सुरुवात कुठून करू?

---

डावखुरी | ४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

पहिला दंडवत मामांना. दुसरा प्रश्न तुला: प्रचि २ मोठी करून बघितली. बाहेरच्या अंगाला बारीक आडव्या रेघा दिसताहेत का? टाक्यांचे इंग्रजी व्ही दिसायला हवेत. मला वाटतं तुझा पक्षी उलटा आहे. म्हणजे आतली बाजू बाहेर आलीय. गोल विणताना सुरुवातीची वाटी आपल्याकडे वळते आणि आपण नकळत आतूनच विणत राहतो. पहिल्या खेळण्यात दहातल्या नऊ जणी हेच करतात, दहावी मी. (मीही तेच केलं होतं, पण माझा ससा होता, केसाळ लोकरीचा, कुणाला कळलं नाही.)

तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर वाटी अंगठ्यानं बाहेर ढकलून उलटी करायची आणि मग कडेवरून, बाहेरच्या बाजूनं विणायचं. एवढंच.

---

पितळी_डबा | ४ फेब्रुवारी, रात्री ११:१८

देवा. आडव्या रेघाच आहेत. मी तर खूश होते की पिसांसारखं टेक्श्चर आलंय!

---

एडिसनकर | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:३२

(आमच्याकडे अमेरिकेत रात्र आहे, बायको झोपलीय, तिच्या वतीनं लिहितोय. विणतो मीच, ती फक्त नावं ठेवते.)

पितळी, भोकं पडण्याचं कारण मला वेगळं वाटतंय. तो नमुना ब्रिटिश आहे का? स्पेलिंग बघा, रंगाला यू लावलाय का. कारण नमुन्यात 'डीसी' लिहिलं असेल तर अमेरिकन हिशेबानं तो डबल क्रोशे, म्हणजे आपला खांब, उंच टाका. ब्रिटिश हिशेबानं तोच डीसी म्हणजे आपला मुका खांब, बुटका टाका. अमेरिकन सिंगल तोच ब्रिटिश डबल, अमेरिकन डबल तो ब्रिटिश ट्रेबल. सगळं एकेका पायरीनं सरकलेलं. तुम्ही बहुतेक सगळा पक्षी खांबानं विणलात. खांब उंच, मुक्या खांबाच्या जवळपास दुप्पट. म्हणून मान लांब, म्हणूनच कापूस बाहेर.

मराठी शब्द वापरले असते तर ही भानगडच नव्हती. खांब म्हणजे खांब, मुका म्हणजे मुका.

---

पितळी_डबा | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

यू लावलाय. 😭 चार रात्री खांब घातले.

---

नाशिकची_आज्जी | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

बाळ, रडू नकोस. उसवलेली लोकर वाया जात नाही. खुर्चीच्या पाठीला गुंडाळ, लड कर, कोमट पाण्यात बुडवून सावलीत वाळव, कुरळेपणा बराचसा जातो. इस्त्री मात्र चुकूनही फिरवू नकोस. ॲक्रिलिक असणार तुझी, उष्णतेनं एकदा लुळी पडली की पुन्हा कधी उभी राहत नाही.

आता सुई कितीची आहे ते सांग. आणि आत काय भरलंयस?

---

पितळी_डबा | ५ फेब्रुवारी, दुपारी १:२०

आज्जी, सुई आईची जुनी, आकडा पुसला गेलाय. नवऱ्याच्या व्हर्नियरनं मोजली, ४ मिमी निघाली. लोकर चार पदरी. आत जुन्या उशीतला सावरीचा कापूस.

---

नाशिकची_आज्जी | ५ फेब्रुवारी, दुपारी २:०५

४ ची सुई स्वेटर-शालीला. खेळण्याला त्याच लोकरीवर ३ ची घे, हात सैल असेल तर अडीचची. विणताना बोटं थोडी दुखली पाहिजेत, मग समजावं घट्ट होतंय.

सावरी उशीत छान. एवढ्याशा पोटात तिचे गोळे होतात आणि वरून बटाट्यासारखं दिसतं. गादीवाल्याकडून किंवा शिवणाच्या दुकानातून पाव किलो रेक्रॉन (पॉलिस्टरचा कापूस) आण. ते आधी बोटांनी पिंजून घे आणि चिमूट चिमूट भर, एकदम गोळा कोंबू नकोस. भरायला पेन्सिलीची बोथट बाजू.

---

काजूबोंड | ५ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

आज्जींना अनुमोदन. आमच्याकडे रत्नागिरीत कापूस भरलेली बाहुली एका पावसाळ्यात कुबट होते. रेक्रॉनची धुवून वाळतेसुद्धा.

---

दुर्बीणवाला | ५ फेब्रुवारी, रात्री ८:५०

विणकामातलं ओ की ठो कळत नाही, पण धाग्याचं नाव वाचून आलो. तांबटाबद्दल दोन शब्द चालतील ना?

पक्षी साधारण १७ सेंमी. चिमणीपेक्षा जरा मोठा, पण बांधा ठेंगणा-ठुसका. मान नाहीच असं समजा. डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं आणि मोठं. शेपूट आखूड. तुमच्या प्रचित शेपूट लांब आहे, पोपट वाटण्याचं अर्धं कारण ते. उरलेलं अर्धं चोच. पोपटाची वाकडी, याची सरळ, जाड, काळी, बुडाशी मिशांसारखे राठ केस.

रंग सांगतो. पाठ गवती हिरवी. कपाळ तांबडंभडक, त्यामागे काळा पट्टा. डोळ्याच्या वर पिवळा डाग, खाली पिवळा डाग, मधून काळी रेघ. गळा पिवळा, त्याखाली छातीवर तांबडा आडवा डाग. पोट फिकट पिवळसर आणि त्यावर हिरव्या उभ्या रेघा. पाय प्रवाळी. नर-मादी सारखेच दिसतात. पिल्लांना तांबडं नसतं, तेव्हा तांबडं अगदीच नाही जमलं तर पिल्लू आहे म्हणून सांगा. (दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या.)

शास्त्रीय नावातल्या 'हीमासेफॅलस'चा अर्थच रक्तासारख्या डोक्याचा. त्यामुळे कपाळाचं तांबडं सोडू नका.

आणि एक. ओरडताना त्याची चोच मिटलेली असते. गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी रबरी फुग्यासारखी फुगते आणि बसते, प्रत्येक 'टुक'ला एकदा. मिनिटाला शंभरच्या वर टुक. मधेच डोकं इकडून तिकडे वळवतो, म्हणून आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही. माणसं झाडाखाली उभी राहून भलत्याच फांदीकडे बघत बसतात. तेव्हा चोच मिटलेलीच करा, गळा फुगीर करा.

---

पितळी_डबा | ५ फेब्रुवारी, रात्री ९:१५

दुर्बीणवाला, हे सोनं दिलंत. मिटलेली चोच विणायलाही सोपी.

---

चिकित्सक | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:००

इतका खटाटोप कशासाठी? बाजारात क्रोशाचे तयार पक्षी दोन-तीनशेत मिळतात. नाहीतर तांबट आळीतूनच तांब्याचं काहीतरी घ्या, मामांना कळेल तरी.

---

डावखुरी | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:२२

चिकित्सकराव, तांबटाला तांब्याची वस्तू म्हणजे हलवायाच्या घरी पेढे. आणि दोन-तीनशेत पक्षी मिळतो तेव्हा तो करणारीला किती मिळतात याचाही हिशेब मांडा कधीतरी. स्वेटर यंत्रावर निघतो. ही असली खेळणी कुणीतरी बसून हातानंच विणलेली असतात, सात-आठ तास तर सहज जातात.

---

चिकित्सक | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

मुद्दा मान्य. माझी आई बालवाडीच्या मुलांसाठी लोकरीची फुलं करून विकायची, एक रुपयाला एक. विसरलो होतो.

---

गणोबा | ६ फेब्रुवारी, रात्री ९:३०

पेशानं इंजिनिअर, बायकोचा विणकामाचा पार्टनर. गोलाचा हिशेब सांगतो, म्हणजे नमुना नसला तरी अडणार नाही.

पहिल्या फेरीत ६ मुके खांब. मग प्रत्येक फेरीत ६ वाढवत जायचे: १२, १८, २४, ३०, ३६. सहाच का? वर्तुळाची त्रिज्या एक टाक्यानं वाढली की परीघ दोन पाय (२π), म्हणजे ६.२८ टाक्यांनी वाढतो. मुका खांब जितका रुंद जवळपास तितकाच उंच असतो, म्हणून सहा. सहापेक्षा बऱ्याच जास्त वाढवल्या तर कडेला झालर येते, कमी वाढवल्या तर वाटी होते. खांबाची उंची जास्त, म्हणून रुमालाला आपण १२ नं सुरू करतो. तेच गणित.

वाढ मात्र दर फेरीला एकावर एक आणू नका. आणली की वर्तुळाचा षटकोन होतो, सहा कोपरे स्पष्ट दिसतात. एका फेरीत वाढ सुरुवातीला, पुढच्यात अर्धं अंतर सोडून.

३ च्या सुईवर ३६ टाके म्हणजे परीघ १८ सेंमीच्या आसपास, व्यास पावणेसहा. तळहातावरच्या पक्ष्याला पोट तेवढं पुरे.

---

पितळी_डबा | ६ फेब्रुवारी, रात्री १०:०५

नवऱ्याला वाचून दाखवलं. दोन पाय ऐकल्यावर तो उठून बसला, मला वाटतं आता तोच विणणार. पण तांबडा पट्टा काखेत का गेला ते अजून कुणी सांगितलं नाही.

---

डावखुरी | ६ फेब्रुवारी, रात्री १०:३०

ते माझं खातं. फेरी न जोडता गोल गोल विणत गेलं की मुक्या खांबाचं डोकं पायाच्या बरोब्बर वर बसत नाही, किंचित बाजूला सरकतं. तुम्हा उजव्या हातवाल्यांचं उजवीकडे, माझं डावीकडे. पाच-सहा फेऱ्यांत पट्टा चालायला लागतो. लोकर सुईवर वरून घेण्याऐवजी सुई लोकरीवर ठेवून खालून ओढलीस तर तिरकेपणा कमी होतो, टाकाही व्हीऐवजी फुलीसारखा, घट्ट दिसतो. तरी थोडं सरकतंच.

त्यापेक्षा रंग विणूच नकोस. अंग सगळं हिरवं विण, तांबडं-पिवळं वेगळं करून वर शिव.

---

नाशिकची_आज्जी | ७ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

डावखुरीचं बरोबर आहे. छातीच्या डागाला चंद्रकोर कर, आपण कपाळाला लावतो तशी, टोकं वर. ८ साखळ्या घाल. दुसऱ्या साखळीपासून: मुका खांब, अर्धा खांब, तीन साखळ्यांत तीन खांब, अर्धा खांब, मुका खांब. झाली. शिवायला धागा लांब सोडून ठेव.

डोळे कसले लावणार आहेस?

---

पितळी_डबा | ७ फेब्रुवारी, सकाळी ९:५५

काळे प्लास्टिकचे, मागून चकती बसवतात ते. ६ मिमीचे आणलेत.

---

नाशिकची_आज्जी | ७ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

मामांच्या घरी लहान मूल आहे का?

---

पितळी_डबा | ७ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

नातू. दीड वर्षाचा. सगळं तोंडात घालतो.

---

नाशिकची_आज्जी | ७ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

मग भेट मामांची आणि पक्षी नातवाचा, हे धरून चाल. त्या डोळ्यांना सेफ्टी आय म्हणतात, पण तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नकोत. विणीचं भोक ताणलं की चकतीसकट निघतात. काळ्या धाग्यानं गाठीचा टाका भर, तीनदा वेढा देऊन. शेजारी पांढऱ्या धाग्याचा एकच बारीक टाका दे, डोळा जिवंत दिसतो.

---

काजूबोंड | ७ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

पायांना तांब्याची तार वापरली तर? तांबटाला तांब्याचे पाय!

---

दुर्बीणवाला | ७ फेब्रुवारी, दुपारी १२:४५

कल्पना झकास. फक्त बोटं दोन पुढे, दोन मागे हवीत. चिमणीसारखी तीन पुढे एक मागे करू नका.

---

पितळी_डबा | ७ फेब्रुवारी, दुपारी १:३०

कल्पना इतकी आवडली की मामेभावाला फोन करून तारेचा तुकडा मागितलासुद्धा. मग आज्जींची पोस्ट पुन्हा वाचली. दीड वर्षाचं पोर आणि तार. रद्द.

---

नाशिकची_आज्जी | ७ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

बसलेल्या पक्ष्याचे पाय दिसतात कुठे? पोटाखाली प्रवाळी धाग्याचे चार टाके घाल, दोन पुढे दोन मागे. बघणाऱ्याला दिसतील, ओढणाऱ्याला सापडणार नाहीत.

---

पितळी_डबा | २० फेब्रुवारी, रात्री ११:५०

हजेरी लावतेय. मधे लेकीची परीक्षा होती.

नमुना माझा मीच बसवला, तुमच्या जिवावर. पुढे कुणाला हवा असेल म्हणून लिहून ठेवते. सुई ३ मिमी, लोकर चार पदरी, सगळे मुके खांब, फेरी न जोडता. दर फेरीच्या पहिल्या टाक्याला वेगळ्या रंगाचा धागा अडकवून ठेवायचा.

डोक्यापासून सुरुवात. ६, १२, १८, २४. मग पाच फेऱ्या २४ च. मान नाही, तेव्हा घट (दोन टाक्यांचा एक करणं) नाही. पुढची फेरी ३०, त्यानंतरची ३६, पण या दोन्ही फेऱ्यांतल्या सहाच्या सहा वाढी छातीच्या बाजूला, समोरच्या अर्ध्यात. पाठ सरळ राहते आणि छाती पुढे येते. गळ्याचा फुगवटा इथेच मिळाला. पाच फेऱ्या ३६. मग घट: ३०, २४, १८, १२, मधे एकेक फेरी साधी. १८ वर आल्यावर भरायचं, त्यानंतर हात जात नाही. १२ उरले की तोंड चपटं दाबून दोन्ही थरांतून ६ मुके खांब, आणि त्याच सहांवर पुढे-मागे चार ओळी. ही शेपूट. आखूड!

घट करताना दोन्ही टाक्यांचा फक्त पुढचा पदर सुईवर घ्यायचा, मागचा सोडायचा. भोक पडत नाही, घट कुठे आहे तेही दिसत नाही. ही युक्ती मला आधी कुणी सांगितली असती तर मी रुखवतात हत्ती ठेवला असता.

चोच काळी: ४ टाक्यांनी सुरू, दुसरी फेरी ६, तिसरी ८, चौथी साधी. आत रेक्रॉनचा कण. कडेच्या प्रत्येक टाक्यातून दोनदा शिवली.

आता रडगाणं. चंद्रकोर केली तांबड्या भरतकामाच्या दोऱ्यानं, कारण तांबडी लोकर संपली होती. शिवली. छान दिसली. मग वाटलं, पोर तोंडात घालणार, एकदा धुवावं. धुतला. पिवळा गळा गुलाबी झाला. तांबटाला गोवर निघाल्यासारखा दिसतोय.

---

काजूबोंड | २१ फेब्रुवारी, सकाळी ८:००

मिठाच्या पाण्यात बुडव, रंग पक्का होतो.

---

नाशिकची_आज्जी | २१ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

नाही गं, सुटणारा रंग मिठानं थांबेलच असं नाही. मी माझ्या लग्नातल्या साडीवर करून पस्तावलेय. तांबडा दोरा कुठलाही असो, आधी ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघायचा. फडकं गुलाबी झालं तर तो दोरा खेळण्याला वापरायचा नाही, विषय संपला. चंद्रकोर उसव, पिवळा गळा काढून नवा शिव. वर शिवलेलं आहे म्हणून वाचलीस, विणलेलं असतं तर सगळा पक्षी गेला असता.

---

एडिसनकर | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

आज्जी, तुम्ही एवढं सगळं कुठे शिकलात?

---

नाशिकची_आज्जी | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

चुकून. एकाहत्तर वर्षांत भरपूर चुका होतात.

---

पितळी_डबा | २ मार्च, रात्री १०:१०

प्रचि ५, ६, ७. तांबडी लोकर रविवार पेठेतून आणली, फडक्यावर घासून. गळा नवा, चंद्रकोर नवी, कपाळाला तांबडी टिकली आणि मागे काळा पट्टा, पोटावर हिरव्या रेघा धावदोऱ्यानं.

एक कबुली. चौदाव्या फेरीत एक टाका सुटलाय. भरल्यावर लक्षात आलं. पाठीवर डाव्या अंगाला, नीट बघितलं तर एक खळगा आहे. उसवू का? आता खरंच जिवावर आलंय.

---

गणोबा | २ मार्च, रात्री १०:३०

प्रचित दिसत नाही. सोडून द्या.

---

डावखुरी | २ मार्च, रात्री १०:३५

+१. त्यावर पंखाचं टोक आणून शिव.

---

दुर्बीणवाला | ३ मार्च, सकाळी ६:५०

तांबट आहे. प्रचि बायकोला न सांगता दाखवली, तिनं ओळखला. काळी रेघ डोळ्यातून थोडी आणखी मागे गेली तर उत्तम, पण तो माझा किडा झाला.

---

पितळी_डबा | १८ मार्च, दुपारी ३:१५

झाला वाढदिवस. वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं, देते.

औक्षण झालं, मामींनी केलेली पुरणपोळी झाली, मग मी कागदी पिशवीतून काढून मामांच्या हातात ठेवला. मला वाटलं होतं, चेहरा बघतील. मामांनी आधी उलटा केला. भांडं हातात आलं की ते तसंच करतात, आधी तळ. म्हणाले, "सांधा कुठंय?" मी म्हटलं, मामा, सांधा नाही, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकाच धाग्यानं गोल फिरवत आणलाय. "हं," म्हणाले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मग अंगठा पाठीवरून फिरवायला लागले, हळूहळू, एकेका ओळीवरून. त्यांचा अंगठा तुम्ही बघितला पाहिजे, नखाशी चपटा झालाय.

मामी म्हणाल्या, अहो, पोरीनं तांबट केलाय, तुमचा कामावर येणारा. ते म्हणाले, "ते दिसलं. मी मठार बघतोय."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: भांडं घडवून झालं की वरून हातोडीचे शेजारी शेजारी सारखे घाव घालत जातात, त्या कामाला मठारकाम म्हणतात. त्या खळग्यांनी भांडं चमकतं, आणि पत्रा कडकही होतो. घाव ओळीनं पडले पाहिजेत, एकाला एक लागून, मधे जागा सुटता कामा नये. मुक्या खांबाच्या ओळी मी महिनाभर डोळ्यांसमोर धरल्या होत्या, आणि लहानपणापासून मठारलेली घागर बघत आलेय. दोन्ही एकसारखे दिसतात हे मला कधी सुचलं नव्हतं.

अंगठा डाव्या अंगाला गेला आणि थांबला. मी पंखाचं टोक तिथे नेऊन शिवलं होतं, डावखुरी, तुझं ऐकून. मामांनी टोक नखानं उचललं, खाली बघितलं आणि म्हणाले, "इथं एक घाव चुकला."

मी म्हटलं, हो मामा, चौदावी फेरी.

"झाकायचा कशाला?" म्हणाले. "आमच्याकडं झाकायला काही नसायचं, म्हणून हात बसला."

मग नातू रांगत आला. (चालतो, पण घाई असली की रांगतो.) पक्षी ओढून घेतला आणि चोच तोंडात घातली ती जेवण संपेपर्यंत काढली नाही. तेवढ्या वेळात बाहेर उंबरावर खरा सुरू झाला होता. मामा म्हणाले, "त्याला सांगा, इथं भरती झाली."

आज्जी, चोच टिकली. दोनदा शिवली होती तिचं चीज झालं.

---

डावखुरी | १८ मार्च, दुपारी ३:४०

अंगठ्यानं शोधला! माझा पंखाचा सल्ला सपशेल आपटला, मामांना माझा नमस्कार आणि माफी.

---

चिकित्सक | १८ मार्च, संध्याकाळी ५:००

वाचला. मी विकत घ्या म्हणालो होतो ते मागे घेतो. आईला दाखवला धागा. ती विचारतेय, ३ ची सुई कुठे मिळेल?

---

एडिसनकर | १८ मार्च, संध्याकाळी ७:१५

पुढचा खंड्या करूया का? निळा आमच्याकडे भरपूर पडलाय.

---

दुर्बीणवाला | १८ मार्च, संध्याकाळी ७:२०

खंड्याची चोच तांबडी आणि लांब, डोक्याएवढी तरी हवीच. आधीच सांगून ठेवतो.

---

नाशिकची_आज्जी | १८ मार्च, रात्री ८:३०

खंड्याला वेगळा धागा काढा रे, इथे गुंता होईल.

पितळी, चोच लाळेनं आतपर्यंत भिजली असेल. साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवायची, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून पाणी काढायचं आणि सावलीत वाळवायचा. आतलं रेक्रॉन पुरतं कोरडं झाल्याशिवाय पोराच्या हातात देऊ नका म्हणावं.

---

पितळी_डबा | १८ मार्च, रात्री ९:०५

मामेभावाला फोन केला. मामींनी कालच धुतलाय म्हणे. गॅलरीतल्या दोरीवर शेपटीला चिमटा लावून उलटा टांगलाय, आणि मामा सकाळपासून तीनदा जाऊन पोट दाबून बघून आलेत.